भाजलेल्यांसाठी सरकारी मदत (इंदूर): उपचार, भरपाई, प्रमाणपत्र यांतलं आधी काय करायचं?

वैशाली_रामबाग

आठ दिवसांपूर्वी शहराबाहेरच्या एका गोदामाला आग लागली. त्यात भाजलेल्यांपैकी तिघांची कागदपत्रं आमच्या कॉलनीतले चार-पाच जण बघत आहोत.

पहिला ३० वर्षांचा कामगार आहे. ठेकेदारामार्फत आलेला, पगार रोख, महिना १५,०००. कॅज्युअल्टीच्या कागदावर ३५ टक्के लिहिलंय. मान, चेहऱ्याची डावी बाजू आणि दोन्ही हात (वरची बाजू) भाजलेत. एमवाय या सरकारी रुग्णालयात भरती आहे. घर खरगोन जिल्ह्यात. रेशनच्या पात्रता पर्चीत नाव आहे, पण आयुष्मान कार्ड कधी काढलंच नाही.

दुसऱ्या शेजारच्या घरातल्या ५२ वर्षांच्या काकू, रस्त्यावरून जात होत्या. १४ टक्के, पाठ आणि उजवी काख. खाजगी रुग्णालयात आयुष्मानवर भरती आहेत.

तिसरा त्यांचा नातू, ७ वर्षांचा. उजवा तळहात आणि बोटं. दोन दिवस ठेवून घरी पाठवलंय.

सरकारी मदत जाहीर झाली असं सगळे म्हणतात, पण अर्ज कुणाकडे करायचा हे कुणी नीट सांगत नाही. कामगाराची भरपाई वेगळी असते का? आणि सगळ्यात आधी काय करायला हवं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

बर्नवॉर्ड_नर्सिंग

वैशालीताई, आधी कामगाराचं कार्ड. मध्य प्रदेशात आयुष्मानसाठी तीन याद्या चालतात: २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची, रेशनच्या पात्रता पर्चीची आणि संबलची (असंघटित कामगारांसाठीची राज्याची योजना). पर्चीत नाव आहे म्हणजे तो पात्र आहे, कार्ड तेवढं निघायचं राहिलंय. त्यासाठी खरगोनला जाऊ नका. रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर आधार, समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-सदस्य क्रमांक) आणि पर्ची द्या.

गाडी अडते ती अंगठ्यावर. बोटं भाजलेली असतात, मशीन ठसा घेत नाही आणि ऑपरेटर 'नंतर या' म्हणतो. नंतर यायचं कारण नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, चेहरा किंवा डोळ्याचं बुबुळ यांनीही पडताळणी होते. याचा चेहरा सुजलेला असणार, तेव्हा ओटीपीचा मार्ग धरा. मोबाइल आगीत गेला असेल तर घरच्यांनी त्याच नंबरचं सिम आधी काढावं. एमवाय सरकारी आहे, मग कार्ड कशाला, असं बरेच जण म्हणतात. कार्ड लागणार ते पुढच्या दोन वर्षांसाठी. आखडलेली मान, हात मोकळे करायची ऑपरेशनं कदाचित दुसरीकडे करावी लागतील.

आता टक्के. कॅज्युअल्टीतले ३५ टक्के हा पहिल्या तासाचा अंदाज असतो. नुसती लाल झालेली कातडी त्यात धरायची नसते, आणि जखम किती खोल आहे ते ४८ ते ७२ तासांत स्पष्ट होतं. म्हणून वॉर्डात शरीराचं चित्र काढून पुन्हा मोजणी झाली आहे का ते विचारा. (रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण १ टक्का.) आयुष्मानचं पॅकेज टक्क्यांवर आणि कशाने भाजलं, म्हणजे ज्वाळेने, विजेने की रसायनाने, यावर ठरतं. एका कागदावर ३५ आणि दुसऱ्यावर २८ असेल तर मंजुरी अडकते, आणि पुढे भरपाईच्या वेळी समोरचा वकील नेमकं तेच दाखवतो. आकडा बदलला तर का बदलला हे डॉक्टरांनी एका ओळीत लिहून सही करावी, एवढं पुरतं.

डिस्चार्ज कार्डावर एवढं असलंच पाहिजे: तारीख आणि किती वाजता भाजलं, कशाने, टक्के, खोली, कुठला भाग (डावा-उजवा स्पष्ट), श्वासनलिकेला धूर लागला होता का, कोणत्या तारखेला त्वचारोपण झालं, आणि एमएलसी (पोलिसांसाठी रुग्णालयाने केलेली नोंद) नंबर. 'बर्न्स, ट्रीटेड' एवढंच लिहून मिळालं तर तिथेच थांबा आणि पूर्ण लिहून घ्या. सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूममधून जुनी फाइल काढणं हे फार मोठं काम होऊन बसतं.

काकूंच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. रुग्णालय आयुष्मानच्या यादीत असणं वेगळं आणि बर्न्स या विभागासाठी यादीत असणं वेगळं. आधी ते तपासा. दुसरं, भाजण्याच्या पॅकेजमध्ये त्वचारोपण आणि नंतरचं ड्रेसिंग धरलेलं असतं, आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं योजनेत येतात. पैसे मागितले तर 'कशाचे' ते पावतीवर लिहून मागा आणि १४५५५ या आयुष्मान हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर टेबलावर ठेवल्यावर बोलणं पुष्कळ सरळ होतं.

काकूंची पाठ खोल भाजली असेल आणि स्वतःची त्वचा घ्यायला जागा कमी पडत असेल तर स्किन बँकेबद्दल डॉक्टरांशी बोला. इंदूरला चोईथराम रुग्णालयाकडे ती आहे. दान केलेली त्वचा दोन-तीन आठवडे झाकण म्हणून राहते, मग गळते. ती कायमची नसते हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'ऑपरेशन फसलं' असं त्यांना वाटतं. रक्तगट जुळावा लागत नाही.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट, कारण हरद्याच्या फटाका कारखान्याच्या स्फोटात (६ फेब्रुवारी २०२४) जखमींना भोपाळ-इंदूरला हलवावं लागलं होतं. लांबून पाठवताना रेफर चिठ्ठीवर भाजल्याची वेळ आणि तोवर दिलेलं सलाइन लिहिलेलं हवं. सुरुवातीचा हिशेब ४ मिली × वजन × टक्के असा असतो. ६० किलो आणि ३५ टक्के म्हणजे २४ तासांत ८,४०० मिली, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे, भरती झाल्यापासून नाही. चार तास रस्त्यात गेले आणि एकच लिटर गेलं असेल तर उरलेले ३,२०० मिली पुढच्या चार तासांत द्यावे लागतात, आणि लघवी किती होते ते बघून वेग कमी-जास्त करायचा. वेळच लिहिलेली नसेल तर पुढच्या डॉक्टरने हिशेब कसा करायचा? गंभीर रुग्णासाठी राज्याची पीएमश्री एअर अँब्युलन्सही आहे, आयुष्मानधारकाला मोफत. मागणी सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) आणि कलेक्टर यांच्यामार्फत जाते.

तहसील_ते_कलेक्टर

जाहीर झालेली मदत एकाच खिशातून येत नाही. लोक 'सरकारची मदत' म्हणून एकच अर्ज करतात आणि बाकीची दारं बंद होतात.

पहिली, महसूल खात्याची मदत. राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४), इथे सगळे 'आरबीसी छह-चार' म्हणतात. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांत आग हा प्रकार आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी त्या निकषांत मृत्यूला ४ लाख, ४० ते ६० टक्के अपंगत्वाला ७४,०००, ६० टक्क्यांच्या वर २.५ लाख, आठवड्याहून जास्त भरती राहिल्यास १६,००० आणि कमी राहिल्यास ५,४०० असे आकडे आहेत. अपंगत्वाच्या रकमेसाठी सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात अपंगत्व किती आणि *कशामुळे* हे दोन्ही हवं. मेडिकल बोर्डाच्या कागदावर टक्के असतात, कारण नसतं. फाइल तिथे परत येते.

दुसरी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी. हा त्या त्या घटनेसाठी जाहीर झाला तरच मिळतो. हरद्याला मृतांच्या घरी २ लाख आणि जखमींना ५०,००० जाहीर झाले होते. त्याला वेगळा अर्ज नसतो, कलेक्टर कार्यालयाची यादी जाते. म्हणून यादीत नाव असणं हाच अर्ज समजा.

तिसरी, मुख्यमंत्री स्वेच्छानुदान. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडून आमदार किंवा कलेक्टर यांच्यामार्फत.

यादीत सगळ्यात जास्त कोण सुटतं? तुमचा नातू. दोन दिवसांत घरी गेलेली मुलं, आधी गल्लीतल्या दवाखान्यात पट्टी करून घेतलेले लोक, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेले रुग्ण. पटवारी (आपला तलाठी) घटनास्थळाचा पंचनामा करतो, त्याच्यासमोर जो नव्हता तो राहून जातो. मुलाची एमएलसी झाली आहे का ते आजच बघा. झाली नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या, आजीच्या एफआयआरचा क्रमांक नमूद करा, आणि तहसीलदाराकडे 'जखमींच्या यादीत नाव समाविष्ट करणेबाबत' असा एका पानाचा अर्ज पोच घेऊन द्या. नाव आधारप्रमाणे लिहा. यादीत एक आणि पासबुकात दुसरं, एवढ्यावरून पैसे परत गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मदत घटना घडलेला जिल्हा देतो. कामगार खरगोनचा असला तरी फाइल इंदूरलाच चालेल. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत दर मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे दिलेल्या अर्जाला नोंद क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर त्याच क्रमांकाने तक्रार करा.

पंचनाम्यात आणखी एक बघा: गोदामात कोणता माल होता हे लिहिलंय का? सॉल्व्हंट, फटाके, गॅस, रसायनं अशा धोकादायक मालाची नोंद असेल तर काकू आणि नातू यांच्यासाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा लागू होतो. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, दावा कलेक्टरकडे करायचा आणि मुदत ५ वर्षं. कामगार त्यात बसत नाही, त्याचा कायदा वेगळा. राष्ट्रीय हरित अधिकरणाचं खंडपीठ भोपाळला आहे, भरपाईचा अर्ज तिथेही ५ वर्षांच्या आत करता येतो. पण पंचनाम्यात नुसतं 'सामान जळाले' असं असेल तर दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येणार. अग्निशमन दलाच्या अहवालाची प्रतही मागून घ्या.

वैशाली_रामबाग

फार फार आभार. मुलाची एमएलसी खरंच झालेली नाही, आजच जातो.

दोन गोष्टी नव्याने कळल्या. गोदामाच्या मालकाचा माणूस वॉर्डात येऊन गेला, ५०,००० रोख देतो म्हणाला, स्टँप पेपरवर सही हवी आहे. घरचे घ्यायच्या विचारात आहेत. दुसरं, मुलाच्या हाताला मऊ पट्टी गुंडाळून मूठ मिटलेली ठेवली आहे, तशी ठेवली की तो रडत नाही. हे बरोबर आहे का?

श्रमकायदा_मप्र

सही करू नका. स्टँप पेपरवर बहुधा 'राजीनामा' असं शीर्षक असेल. आपल्या मराठीतला राजीनामा नव्हे, इथल्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. 'पुढे काही मागणी राहिली नाही' अशी ओळ त्यात असतेच. उपचारासाठी पैसे घ्यायचे असतील तर 'उपचारखर्चापोटी मिळाले' एवढ्याच पावतीवर घ्या, शक्यतो बँकेतून. उपचाराचा खर्च देणं मालकावर वेगळं बंधनकारक आहे, तो भरपाईतून कापून घेता येत नाही.

आता रक्कम, म्हणजे ५०,००० किती कमी आहेत ते कळेल. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली आहे, हिशेबाची रीत तीच. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाचे ६० टक्के × वयाचा गुणक. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३० वर्षं वयाचा गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२०. कमाईची क्षमता निम्मी गेली असं ठरलं तरी ९,३५,९१०. शिवाय कामावर जाता येत नाही त्या काळात दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, याच्या बाबतीत ३,७५०.

एक मुद्दा डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या: कायद्याच्या अनुसूचीत चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता ही १०० टक्के धरलेली आहे. हात पुढे बरे झाले तरी चेहऱ्याची नोंद वेगळी आणि फोटोसकट व्हायला हवी.

आणि अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. बोर्डाने हाताला ४५ टक्के दिले, पण माणूस हमाली करत होता आणि आता पोतं उचलता येत नाही, तर कमाईचं नुकसान शंभर टक्केही असू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता निकालात, कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराला पूर्ण अपंगत्व मानलं ते याच विचाराने. तेव्हा अर्जात 'काय काम करत होता' हे अगदी बारकाईने लिहा: किती किलोची पोती, किती तास, कोणतं यंत्र.

ठेकेदार आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवणार. दोघांनाही लेखी नोटीस द्या, रजिस्टर्ड पोस्टाने. ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते. पगार रोख होता, त्यामुळे नोकरीचा पुरावा गोळा करावा लागेल. हजेरीची वही (आगीत जळाली असं सांगतील), सोबतच्या दोन कामगारांचे जबाब, ठेकेदाराचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, यूपीआयवर कधी उचल आली असेल तर ती नोंद, आणि एफआयआरमध्ये 'गोदामातील मजदूर' असा उल्लेख. हा शेवटचा उल्लेख नसेल तर पुरवणी जबाब द्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

त्याआधी ईएसआय (कामगार राज्य विमा) तपासा. वेतन २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना योजनेत असेल तर उपचार नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयामार्फत आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के मिळतात. पण मग वरची एकरकमी भरपाई मिळत नाही. एकाच इजेसाठी दोन्ही घेता येत नाहीत. मालकाने अपघाताचा फॉर्म १२ भरलाय का हे विचारा.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ खाली मोठ्या आपत्तीतला किंवा औद्योगिक दुर्घटनेतला पीडित मोफत वकिलाला पात्र असतो. १५१०० वर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्या.

हात_मोकळा_फिजिओ

मुलाच्या हाताबद्दल. मूठ मिटलेली ठेवणं चूक आहे, आजच बदला. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मूठ मिटली की दुखत नाही, कारण जखमेवरचा ताण जातो. पण भरून येणारी कातडी तिथेच आक्रसते आणि तीन-चार आठवड्यांत बोटं तळहाताला खेचली जातात.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे, तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. मुलाचा *तळहात* भाजलाय आणि कामगाराच्या हाताची *वरची बाजू*. दोघांचे स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) उलटे असतात.

मुलाला ताटलीसारखा स्प्लिंट हवा: तळहात पूर्ण उघडा, बोटं सरळ आणि फाकलेली, अंगठा बाहेर. प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी गुंडाळायची. एकत्र गुंडाळली की दोन कच्च्या जखमा चिकटून बोटं जोडली जातात. रात्री स्प्लिंट पूर्ण वेळ, दिवसा खेळताना आणि जेवताना काढायचा, कारण हात वापरणं हाच मुलाचा व्यायाम. मऊ चेंडू दाबायला देऊ नका, त्याने मूठच मिटते. ओल्या कणकेचा गोळा सपाट थापायला द्या, कपाटाच्या दारावर तळहात टेकवून ढकलायला सांगा.

कामगाराला मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले आणि पुढची बोटं सरळ, असा स्प्लिंट. मानेसाठी उशी काढून टाका. खांद्याखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे मान मागे ताणलेली राहील. नातेवाईक मायेने दोन उश्या देतात आणि हनुवटी छातीला चिकटत जाते. काकूंचा हात अंगापासून ९० अंशांवर, खाटेशेजारी स्टुलावर उशी ठेवून त्यावर. साडीच्या पदराखाली हात जवळ घेऊन बसू देऊ नका. काखेला आखडायला फार दिवस लागत नाहीत.

सगळी जखम भरली की दाबाचे कपडे, म्हणजे प्रेशर गारमेंट. दिवसाचे २३ तास, फक्त आंघोळ आणि मालिशपुरते काढायचे. व्रण पांढरा, मऊ, सपाट होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष ते दीड वर्ष. दोन जोड लागतात, एक धुवायला. लवचीकपणा दोन-तीन महिन्यांत जातो, मग नवीन माप; मुलाचं तर वाढीमुळे मापच बदलतं. इंदूरच्या मे महिन्यात ते नकोसे होतात, घाम आणि खाज येते, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. खाजेवर डॉक्टर औषध देतात, ते मागा. दिवसातून चार-पाच वेळा खोबरेल तेल, पण ते जिरल्यावरच कपडा चढवायचा, नाहीतर इलॅस्टिक खराब होतं.

सरकारी मदतीतली सगळ्यात मोठी फट इथे आहे आणि त्याबद्दल मनापासून राग येतो. भरती असेपर्यंत कार्ड चालतं, १५ दिवस औषधं मिळतात, आणि ज्या दीड वर्षात हात वाचतो किंवा जातो ते कुटुंबावर पडतं. त्यातून मार्ग असे: डिस्चार्जच्या *आधी* स्प्लिंट वॉर्डातच करून घ्या, फिजिओथेरपी एमवायच्या बाह्यरुग्ण विभागात चालू ठेवा, आणि पुढे आखडल्यामुळे ऑपरेशन करावं लागलं तर लक्षात ठेवा की आयुष्मानच्या त्या पॅकेजमध्ये स्प्लिंट, प्रेशर गारमेंट, सिलिकॉनची पट्टी आणि फिजिओथेरपी धरलेली आहे. विचारलं नाही तर बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडते.

मुलाला वाढ पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दाखवा. हाड वाढतं, व्रण वाढत नाही. आज सरळ असलेलं बोट अकराव्या वर्षी वाकू शकतं.

सुदामानगरकर

एक सुचवू का? वर लिहिलंय की भरतीचे १६,००० मिळतात. पण त्या निकषांत आयुष्मानखाली उपचार घेतलेल्यांना ती रक्कम नाही असंही आहे. मग काकूंनी आयुष्मान न वापरता रोख उपचार केले तर?

तहसील_ते_कलेक्टर

कृपया असं करू नका. अट तशी आहे हे खरं. पण १४ टक्के भाजणं आणि त्वचारोपण यांचं खाजगी बिल १६,००० च्या कितीतरी पुढे जातं, आणि आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ती अट फक्त भरतीच्या रकमेला आहे, मृत्यूच्या किंवा अपंगत्वाच्या रकमेला नाही. नातवासाठी बघा: त्याचे दोन दिवस आयुष्मानवर नोंदले नसतील तर ५,४०० चा अर्ज त्याच्या नावाने होतो.

दिव्यांग_नोंद

उरलेल्या गोष्टी, ज्या साधारण तिसऱ्या महिन्यापासून लागतात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि जिल्हा मेडिकल बोर्डाची तारीख घ्या. व्रण पक्का व्हायच्या आधी गेलात तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. तेही घ्या, ४० टक्के असतील तर पेन्शन सुरू होते. पण मालकाकडच्या भरपाईसाठी शेवटचं मूल्यांकन ऑपरेशनं झाल्यावरच करून घ्या.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अ‍ॅसिड हल्ल्याचे पीडित आहेत, आगीने भाजलेले वेगळे नाहीत. चेहरा तेवढाच गेला असला तरी तो त्या रकान्यात बसत नाही. हा अन्याय आहे, आणि तो बदलायला हवा. तोवर बोर्डासमोर सांध्यांच्या हालचालीवरून मोजणी होते: मान किती वळते, मूठ किती मिटते, खांदा किती उचलतो. पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल तर नेत्रतज्ज्ञाची वेगळी चिठ्ठी न्या (आणि बोर्डाची वाट न बघता ती पापणी आधी दाखवा; बुबुळ उघडं राहिलं तर दृष्टी जाते). फिजिओने सांध्यांचे अंश मोजून दिलेला कागद सोबत असेल तर बोर्डाला नुसत्या नजरेने ठरवावं लागत नाही.

पेन्शन: राज्याची सामाजिक सुरक्षा दिव्यांग पेन्शन महिना ६००. तुटपुंजी आहे, तरी घ्या. समग्र आयडीवर दिव्यांग नोंद त्यामुळे होते आणि बाकीच्या योजना तिथून उघडतात.

संबल: कामगाराची नोंद गावच्या पंचायतीत असेल तर कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. अपघाताच्या *आधीची* नोंद लागते, आता केलेली चालत नाही.

बँक: कामगार आणि काकू, दोघांची पासबुकं काढा. मे-जूनमध्ये २० रुपये कापले गेले असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे. त्यात २ लाख किंवा १ लाख मिळतात, पण हात-पाय-डोळे यांचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तरच. बँकेला अपघाताची लेखी सूचना ३० दिवसांत द्यायची आहे. तुमचे आठ दिवस गेलेत, म्हणून निकाल काही लागो, सूचना देऊन ठेवा.

पैसे खात्यात आले आणि कामगाराला सही करता येत नाही, अंगठाही उठत नाही, अशी वेळ येणार. बँक परत पाठवते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी किंवा असमर्थ खातेदाराचा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. शाखा व्यवस्थापकाला वॉर्डात यायची लेखी विनंती करा. घरच्यांनी एटीएम कार्ड वापरून भागवू नये. पुढे घरातच वाद होतात आणि ज्याचे पैसे त्याच्या हाती काही राहत नाही.

रात्री दचकून उठणं, आगीचा वास येणं, आरशाकडे न बघणं हे तिघांतही दिसू शकतं. मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला तर रागावू नका. टेली-मानस १४४१६, मोफत.

आणि ज्यांच्या घरी गॅस सिलिंडरमुळे आग लागली आहे असे कुणी हा धागा वाचत असतील त्यांच्यासाठी: तेल कंपन्यांचा विमा असतो. ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर अपघात झाला तर मृत्यूला ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत. सूचना वितरकाला लेखी द्यायची, पुढचं तो कंपनीला आणि कंपनी विमावाल्यांना कळवते. जळलेली नळी आणि रेग्युलेटर फेकू नका, तपासणीसाला तेच दाखवायचं असतं.

वैशाली_रामबाग

मुलाची मूठ सोडवली, काल फिजिओ विभागात नेऊन ताटलीचा स्प्लिंट करून घेतला. खूप रडला, पण बोटं सरळ झाली. त्याची एमएलसी झाली, तहसीलदाराकडच्या अर्जाची पोचही मिळाली. ओटीपीवर कामगाराचं कार्ड निघालं. स्टँप पेपरवर सही केलेली नाही.

पंचनाम्यात 'सामान जळाले' एवढंच आहे. दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. अग्निशमन दलाच्या अहवालात ड्रमांचा उल्लेख आहे, त्याची प्रत जोडून मंगळवारी मोती तबेल्याला जनसुनवाईत देतो. त्यात १९९१ च्या कायद्याचं नाव आत्ताच लिहायचं, की नुसती दुरुस्ती मागायची?

तहसील_ते_कलेक्टर

नुसती दुरुस्ती. दावा वेगळ्या कागदावर, पंचनाम्याची सुधारलेली प्रत हातात आल्यावर. एकाच अर्जात दोन मागण्या असल्या की तो दोन शाखांत फिरत राहतो.